उपाशी किड्यांचं बाळसं

माझे उपाशी ठेवलेले किडे जाड व्हायला लागले, तेव्हा मला पहिला संशय आला तो साळसूदचा.

साळसूद हे काही त्याचं नाव नाही. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा मुलगा तो. शर्टाची वरची गुंडी लावलेली, आवाज मऊ, साधा ड्रॉपर मागायचा तरी "चालेल ना?" असं दोनदा विचारणार. इतकं सरळ कुणी नसतं, असं माझं मत. मी त्याला मनातल्या मनात साळसूद म्हणायचे, मग एकदा ते तोंडातून निघालं आणि अख्ख्या वर्गाने उचललं. त्याने त्यावरही कधी हरकत घेतली नाही. त्यामुळे तर माझी खात्रीच पटली की कुठेतरी पाणी मुरतंय.

किड्यांचं सांगते. प्लॅनेरिया म्हणतात त्यांना. डबक्याच्या तळाशी दगडाला चिकटून राहणारा चपटा किडा, जेमतेम नखाएवढा. डोळे दोन आणि दोन्ही तिरळे, त्यामुळे भिंगाखाली घेतला की आपल्याकडे संशयाने बघतोय असं वाटतं. तो कापला तर मरत नाही, तुकड्यातुकड्याला डोकं फुटतं, हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्याला खायला दिलं नाही तरी तो लगेच मरत नाही, आटतो, हे फार जणांना माहीत नसतं. आतल्या आत स्वतःलाच खात लहान होत जातो. घाट तोच, फक्त माप कमी. असा आटलेला किडा कापला तर त्याला डोकं फुटायला जेवणाऱ्यापेक्षा उशीर लागतो का, हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता.

सहा प्लेटा होत्या, काचेच्या, झाकणाच्या. तीन जेवणाऱ्या आणि तीन उपाशी. जेवणाऱ्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक, अगदी चिमटीभर. मग पाणी बदलायचं, नाहीतर बलकाने पाणी नासतं. उपाशांना नुसतं पाणी. खाली ग्राफ पेपर ठेवून किडा सरळ पोहायला लागला की त्याची लांबी बघायची. ग्राफ पेपरमुळे प्लेटच्या तळाला काही लिहिता येत नव्हतं, कारण मार्करच्या रेघेआड किडा लपायचा. म्हणून मी झाकणांवर लिहिलं होतं. जेवणाऱ्यांवर 'जे' आणि आकडा, उपाशांवर 'उ' आणि आकडा. वर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालायचं, कारण या मंडळींना उजेड सोसत नाही. आणि प्लेटांच्या जागा रोज बदलायच्या. खिडकीकडच्या प्लेटला ऊब जास्त मिळते, ती एकाच प्लेटला मिळू नये, हा मॅडमचा नियम.

मॅडम म्हणजे माझी आत्या. सख्खी, बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते. आई नोकरीमुळे दुसऱ्या गावी असते आणि सुट्टीला येते, त्यामुळे एरवी घरात आम्ही तिघंच. आत्याने पहिल्या दिवशीच मला बजावून ठेवलं होतं, "घरी मी आत्या. कॉलेजच्या फाटकात शिरलीस की मॅडम, आणि तुम्ही. विसरायचं नाही." मी विसरले नाही. ती स्कूटरवर जायची, मी बसने, दोघी एकाच वेळी निघालो तरी. कधीकधी तिची स्कूटर माझ्या बसच्या खिडकीखालून जायची आणि ती मान वर करून बघायचीसुद्धा नाही. बाबा म्हणायचे, "अगं, नात्यातली माणसं तुम्ही, हेर असल्यासारख्या काय वागता?" बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना लहान अक्षरं वाचायला लावतात, त्यामुळे घरी आल्यावर त्यांना सगळं मोठ्या अक्षरांत हवं असतं.

पण आत्याचंही खोटं नव्हतं. एका मोठ्या संशोधन संस्थेत सुट्टीभर काम करायला दर वर्षी आमच्या विभागातून एकच नाव जातं. नाव मार्गदर्शकाने प्रोजेक्टच्या सादरीकरणात सुचवायचं. यंदा मार्गदर्शक आत्या, आणि तिच्या हाताखाली प्रोजेक्ट करणारे दोघेच, मी आणि साळसूद. त्याच्याकडे पाण्यावर तरंगणारी बारकी पानं होती, काचेच्या बरण्यांत. ती किती वाढली ते तो मोजायचा. मला ती जागा हवी होती. आणि त्याहून जास्त, ती आत्याच्या तोंडून हवी होती. ही मुलगी कामाची आहे, असं तिने चार लोकांत एकदा म्हणावं, एवढंच माझं मागणं होतं.

अशात उ-दोनमधले किडे वाढले.

आधी वाटलं, माप चुकलं. पुन्हा घेतलं. वाढलेच होते. चार दिवस गेले आणि जे-तीनमधले वाळले. जेवूनखाऊन वाळणारा किडा मी ऐकला नव्हता. आमच्या घरात बाबा तसे आहेत, पण ते किड्यांत मोडत नाहीत. पुढच्या आठवड्यात उ-दोन पुन्हा आटलेले आणि उ-एक फुगलेले. मी डोक्याला हात लावून बसले. शेजारून साळसूद म्हणाला, "काही बिनसलंय का?"

"तुला कसं कळलं?"

"तू डोक्याला हात लावलायस."

उत्तर बिनतोड होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच. कुणीतरी माझ्या उपाशी किड्यांना खाऊ घालत होतं. बलकाचा डबा लॅबच्या फ्रीजमध्येच असायचा, वर माझं नाव लिहिलेलं. दुपारच्या सुट्टीत सगळे बाहेर जातात, लॅबचे शिपाई मामासुद्धा किल्ली खिळ्याला अडकवून जेवायला जातात. त्या वेळी लॅबच्या दारात बसून डबा खाणारा एकच प्राणी, आपल्या पानांवर लक्ष ठेवायच्या नावाखाली.

मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. त्याचे ड्रॉपर मोजले. टेबलावर बलकाचे कण शोधले. तो चिमट्याने पानं उचलायचा तेव्हा त्याची नखं बघितली. एकदा तो माझ्या खोक्यापाशी उभा सापडला, हात पाठीमागे बांधलेले.

"काय बघतोस?"

"काही नाही. तुझ्या प्लेटांच्या जागा बदलतात का रोज?"

"मॅडमचा नियम आहे. तुझ्या बरण्यांच्या बदलत नाहीस?"

"बदलतो. म्हणूनच विचारलं," तो म्हणाला आणि मऊ आवाजात "सॉरी" म्हणून निघून गेला. चोराने कसं बोलावं याचा तो नमुना होता.

मग मी कापूस लावला. घरी जाताना आणि सुट्टीत बाहेर पडताना प्रत्येक झाकणाच्या कडेखाली कापसाची एक शेव, केसाहून जरा जाड. झाकण उचललं की ती पडणार. पहिल्या दिवशी जागच्या जागी. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी संपवून आले तर सगळ्या शेवा खाली पडलेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साळसूद दारात डबा धूत होता. माझ्याकडे बघून हसला.

रात्रीपर्यंत कसा दम धरला माझं मला माहीत. जेवताना मी आत्याला सगळं सांगितलं. कापूस, जाड झालेले किडे, हात पाठीमागे बांधून बघणं. बाबा मध्येच म्हणाले, "किड्यांना कुणी चोरून जेवू घालतं, यात वाईट काय? पुण्याचं काम आहे." आत्या हसली नाही. ती खाली मान घालून जेवत होती.

"पुरावा आहे?" तिने विचारलं.

"कापूस पडला, हा पुरावा नाही?"

"कापूस पडला, एवढाच पुरावा आहे. कुणी पाडला याचा नाही." मग तिने ताटातून मान वर केली. "परवा उ-दोनची लांबी किती लिहिलीस तू?"

मी सांगितली.

"नक्की मोजली होतीस?"

"म्हणजे काय? न मोजता लिहीन?"

"मी विचारलं, मोजली होतीस का."

"मोजली होती."

ती उठली आणि ताट घेऊन आत गेली. मी बघत राहिले. ही असं का विचारते? मला एकच अर्थ लागला. साळसूदने तिचे कान भरले होते. माझे किडे बिघडवायचे आणि वर जाऊन सांगायचं की हिचे आकडे बघा, काहीच्या बाही आहेत. शिंचा दिसतो गरीब आणि पोहोचलेला केवढा, असं मी बाबांना म्हटलं. बाबा म्हणाले, "सुतावरून स्वर्ग गाठू नकोस." मी म्हटलं, "सुतावरून नाही, कापसावरून."

सादरीकरण दोन दिवसांवर आलं तेव्हा मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं. घरी कधी दार न लावणारी बाई.

"हे बघ," ती म्हणाली, आणि आवाज कॉलेजचाच होता. "तुझे आकडे खरे नाहीत. मला माहीत आहे. कसं माहीत ते विचारू नकोस. एखाद्या दिवशी मोजायला जमलं नाही तर तसं लिहावं. रिकामी जागा सोडावी. पण बनवून लिहू नये. सादरीकरणात मी तुझं नाव पुढे करणार नाही."

मला वाटलं, कुणीतरी थोबाडीत मारली. "मॅडम, मी एकही आकडा बनवलेला नाही."

"माझ्याकडे खात्री आहे."

"कुणी दिली खात्री? त्याने?"

"त्याचा काय संबंध?" ती खरोखर चकित झाल्यासारखी म्हणाली. "विभागात आधीच कुजबुज आहे की भाची म्हणून मी तुला झुकतं माप देते. विभागप्रमुख सरांनी मला तसं बोलूनही दाखवलं. त्यात तू असं करावंस?"

मी बाहेर आले ती रडतच. रडू मला आत्याचं आलं, साळसूदचा फक्त राग आला. ही बाई मला लहानपणी बोटाला धरून डबक्यावर न्यायची. दगड उलटून दाखवायची. खोटं बोललीस तर दगडाखाली ठेवीन, म्हणायची. मी तिच्याशी खोटं बोललेले तिला आठवतं का एकदा तरी? ते काही नाही, मी ठरवलं. उद्या त्याला रंगेहाथ पकडायचं आणि मॅडमच्या पुढ्यात उभं करायचं.

लॅबला लागून एक खोली आहे. तिथे जुने नमुने ठेवतात, औषधात बुडवलेले साप, बेडूक आणि एक फार जुना मासा. दाराची एक फळी सुटलेली असल्यामुळे फटीतून अख्खी लॅब दिसते. दुपारच्या सुट्टीत मी सगळ्यांबरोबर बाहेर पडले, मागच्या जिन्याने परत आले आणि त्या खोलीत घुसले. औषधाच्या वासाने डोळे चुरचुरत होते. मासा माझ्या कानाशी होता.

साळसूद आला. बरण्यांवर नजर टाकली. मग माझ्या टेबलापाशी आला, मी फटीच्या अजून जवळ सरकले. हात पाठीमागे बांधून त्याने खोक्याकडे बघितलं, घड्याळ बघितलं, आणि काहीही न करता निघून गेला. दारात बसलासुद्धा नाही. एवढंच? मला जवळजवळ फसवल्यासारखं वाटलं.

मग चपलांचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता, कारण रोज सकाळी तोच मला उठवतो.

आत्याने दार लोटलं. माझं खोकं उचललं. सहाही प्लेटा ग्राफ पेपरच्या मोठ्या तावावर ओळीत मांडल्या आणि मोबाइलने फोटो काढला. मग एकेक झाकण उचललं आणि एकावर एक रचत गेली. कापसाच्या शेवा टेबलावर पडल्या, तिला दिसल्याही नाहीत. झाकणं काढलेल्या प्लेटांचा दुसरा फोटो. मग तिने चवडीतलं सगळ्यात वरचं झाकण घेतलं आणि डावीकडच्या पहिल्या प्लेटवर ठेवलं.

पहिल्या प्लेटवर. वरचं झाकण शेवटच्या प्लेटचं होतं.

ती दुसरं झाकण उचलत होती तेव्हा मी दार ढकलून बाहेर आले.

"मॅडम."

ती एवढी दचकली की झाकण टेबलावर आपटलं. "तू इथे काय करतेस?"

"मीच विचारणार होते. तुम्ही माझ्या प्लेटांपाशी काय करताय?"

"तपासतेय. मार्गदर्शक आहे मी."

"मी समोर असताना का नाही तपासत?"

तिने हातातलं झाकण सावरलं. मग ताठ होऊन म्हणाली, "कारण तू काय लिहितेस ते मला बघायचं होतं. दुपारी मी मोजते, संध्याकाळी तू मोजतेस. किडे तेच, दिवस तोच, आणि आकडे जुळत नाहीत. एकदा नाही, दर वेळी. आता सांग मला, तू मोजतेस की बनवतेस?"

"तुमच्या हातात कुठलं झाकण आहे?"

तिने बघितलं. "उ-एक."

"आणि ते कुठल्या प्लेटवर ठेवताय?"

तिने प्लेटकडे बघितलं. त्यात तीन धष्टपुष्ट किडे होते, आणि पाठीतून पिवळा बलक दिसत होता, पोटाच्या फांदीफांदीत भरलेला. काल संध्याकाळीच मी त्यांना जेवू घातलं होतं. झाकणावर माझ्या अक्षरात 'उ' लिहिलं होतं.

तिने हातातलं झाकण हळूच खाली ठेवलं. मग तिने स्टूल ओढलं आणि बसली. जगातल्या कुठल्याही लॅबमध्ये नाव तळाच्या भांड्यावर असतं, झाकणं सगळी सारखी, कुठलंही कशावरही ठेवा. तिचा हात तेच करत आला होता. डोळ्यांनी झाकणावरचं वाचलं, फोटोही काढला, आणि हात मात्र आपल्या जुन्या सवयीने चालला. ती झाकणं फिरवून जायची, संध्याकाळी मी अक्षर बघून उपाशांना बलक घालायचे आणि जेवणाऱ्यांना उपाशी ठेवायचे. माझ्या किड्यांना चोरून जेवू घालणारी मीच होते.

"झाकणावर लिहिलंस?" शेवटी ती म्हणाली. "पहिल्या वर्षी, पहिल्या तासाला मी काय सांगते?"

"झाकणावर नाही, भांड्यावर."

"मग?"

"तळाला ग्राफ पेपर होता."

"कडेला लिहायचं."

कडेला लिहायचं, खरंच. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. पण माझा राग त्यामुळे कमी झाला नाही, उलट अजून चढला.

"त्याच्या बरण्या तपासल्यात?" मी विचारलं.

"कुणाच्या?"

"साळसूदच्या. सुट्टीत, चोरून, फोटो काढून. तपासल्यात का?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही."

"का?"

तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला, पुन्हा काढला. "तो माझा कोण लागतो?" ती म्हणाली. "त्याच्यावर विश्वास ठेवला की माझं काम झालं. त्याचं चुकलं तर चुकलं म्हणून सांगीन आणि घरी जाईन. तुझं चुकलं तर लोक म्हणतील, हिनेच पाठीशी घातलं. मग तुझं आधी मीच शोधून काढायला नको?"

"म्हणजे मी तुझी म्हणून मी खोटी," मी म्हटलं. कॉलेजात पहिल्यांदा मी तिला 'तू' म्हणत होते आणि तिने मला टोकलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला पाणी देऊ का?" आत्याचा हात ताटात थांबला. बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "दोघींचे नंबर तपासायला हवेत," ते म्हणाले, "एकमेकींना नीट दिसत नाहीये तुम्हाला." कुणी हसलं नाही. सकाळी चहा देतानाही मी तिला मॅडमच म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर तिला एवढं लागलं नसतं, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच म्हणत होते.

सादरीकरणाला विभागातले सगळे होते. विभागप्रमुख सर पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी मॅडम. साळसूदचं आधी झालं. पानं, वाढ, आलेख, सगळं घोटून तयार. मग मी उभी राहिले. बसमध्ये मी दोन भाषणं तयार केली होती. एकात सगळं सांगून टाकायचं होतं. दुसऱ्यात आत्याचं नावसुद्धा नव्हतं. उभी राहीपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं.

"माझे आकडे बाद आहेत," मी म्हटलं. "प्लेटांची नावं मी झाकणांवर लिहिली होती. झाकणं बदलली गेली. चूक माझी आहे."

सर म्हणाले, "लिहिण्याची चूक तुझी, समजलं. पण बदलली कुणी? आपली आपण तर बदलणार नाहीत."

माझी नजर साळसूदकडे गेली. तो खाली बघत होता. त्याचं नाव घेतलं असतं तर अर्ध्या वर्गाने मान डोलावली असती, कारण मी महिनाभर तेच सांगत फिरत होते. ते नाव मी घेतलं नाही. आत्याचं नावही माझ्या तोंडातून निघेना.

"मी बदलली," मॅडम म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या होत्या. "माझा तिच्यावर विश्वास नव्हता. ती नसताना मी तिच्या प्लेटा उघडून मापं घेत होते, आणि झाकणं लावताना माझ्याकडून उलटसुलट झाली. तिने लिहिलेला प्रत्येक आकडा खरा आहे. तिने रोज मोजलं आहे. तिचं काम वाया गेलं ते माझ्यामुळे." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "ही माझी भाची आहे. कामाची मुलगी आहे. पण हातात निष्कर्ष काढता येईल असे आकडे नाहीत, तेव्हा या वर्षी मी तिचं नाव देऊ शकत नाही."

मला हवं होतं ते वाक्य मिळालं. चार लोकांत, आत्याच्या तोंडून. आणि त्याच दमात जागा गेली. मला हसू येत होतं की रडू, मला सांगता येणार नाही. मी खाली बसले.

जिन्यावर साळसूदने मला गाठलं. "मला माहीत होतं मॅडम सुट्टीत येतात," तो म्हणाला. "दोनदा बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, त्या तुझं काम करून देतात." त्याचे कान लाल झाले होते. "मी सरांना विचारलं. नाव नाही घेतलं कुणाचं. नुसतं विचारलं, नात्यातल्या माणसाने असं केलं तर चालतं का."

म्हणजे कुजबुज तिथून निघाली होती. सर आत्याला बोलले आणि आत्या अजून घाईघाईने, अजून चोरून यायला लागली. माझा साळसूदवरचा संशय अगदीच हवेतला नव्हता, पत्ता तेवढा चुकला होता. त्याला माझ्याबद्दल वाटत होतं, मला त्याच्याबद्दल, आत्याला माझ्याबद्दल, आणि आमच्यापैकी एकानेही समोरच्याला धडपणे विचारलं नव्हतं. किडे बिचारे मध्ये आटत आणि फुगत राहिले.

"मी जाऊ ना?" त्याने विचारलं. "म्हणजे, त्या जागेवर. चालेल ना?"

"जा बाबा," मी म्हटलं. "आणि तिकडे झाकणावर लिहू नकोस."

मी काम पहिल्यापासून सुरू केलं. नवे किडे आणले, नावं प्लेटांच्या कडेला लिहिली. आत्या लॅबमध्ये आली तर दारात उभी राहते, मी वर बघितल्याशिवाय आत येत नाही. तिने मला शब्द दिलाय की माझ्या अपरोक्ष माझ्या प्लेटांना हात लावणार नाही, आणि ती तो पाळते. मला माहीत आहे, कारण मी अजून झाकणाखाली कापूस ठेवते आणि तो रोज जागच्या जागी असतो.

पहिले काही दिवस तो जागेवर बघून मला बरं वाटायचं. मग कधीतरी तो पडलेला असावा असं वाटायला लागलं. जिने चोरून का होईना, रोज माझे किडे मोजले, तिने आता बघणंच सोडून दिलं का? परवा जेवताना मला राहवलं नाही.

"आत्या," मी म्हटलं. इतक्या दिवसांनी तो शब्द तोंडात अवघडल्यासारखा झाला. "उद्या माझी मापं एकदा बघशील?"

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "तू समोर असशील?"

"असेन."

"मग बघते."

ती आली. मी शेजारी उभी राहिले. तिने एकेक झाकण उचललं, माप घेतलं आणि दुसऱ्याला हात लावण्याआधी पहिलं परत ठेवलं. तिचे आकडे आणि माझे आकडे जुळले, सगळे. आम्ही दोघी हसलो, तिने माझ्या डोक्यावर टपली मारली, कॉलेजच्या लॅबमध्ये, मामांच्या देखत. मग ती गेली. मी प्लेटांवर खोकं घालायला घेतलं आणि माझा हात आपोआप कापसाच्या डबीकडे गेला. मी त्याला थांबवलं नाही.